शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी

आमच्या ह्यांनी जपानला जायचं ठरवलं ते माकडांमुळे. टीव्हीवर एकदा बर्फातल्या गरम पाण्याच्या डबक्यात गळ्यापर्यंत बुडून बसलेली माकडं दाखवली होती. लाल तोंडं, मिटलेले डोळे, डोक्यावर बर्फाचा भुगा. हे जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "हे खरे शहाणे. आपण इथे जायला पाहिजे." मी म्हटलं, आधी ताटातलं संपवा. एवढ्यावर तो विषय मिटायला हवा होता.

तो मिटला नाही, कारण त्यानंतर ह्यांचं बाकी सगळं हळूहळू मिटत गेलं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली. मग पंपाची चावी कुठे ठेवली ते जायला लागलं, मग जेवलो की नाही ते. पोस्टात आयुष्यभर लोकांचे पत्ते वाचलेला माणूस एकदा आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभा राहून रिक्षावाल्याला विचारत होता की इथे केळीची वाडी असलेलं घर कुठलं. रिक्षावाला बिचारा ओळखीचा, त्यानेच आणून सोडलं. पण माकडं काही जाईनात. सकाळी चहा झाला की विचारायचे, "माकडांकडे कधी जायचं?" मी कधी "बघू" म्हणायची, कधी "आधी दाढी करा," कधी नुसती खेकसायची. स्वभाव आहे माझा तसा.

मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, बाबांना विरार स्टेशनचा पूल उतरल्यावर आपण कुठल्या बाजूला आलो ते कळत नाही, आणि तू त्यांना जपानला नेतेस?" त्याचं बरोबर होतं. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. मी म्हटलं, तुझ्या बापाला हवं आहे असं जगात आता एकच काही उरलंय, आणि तेही ते विसरायच्या आत मला त्यांना द्यायचंय. डॉक्टरांनी सांगितलं, न्यायचं तर आत्ताच न्या, पुढच्या वर्षी मला विचारायला आलात तर मी नाही म्हणेन.

गावात ज्याने त्याने विचारलं, गरम पाण्यासाठी जपान कशाला? अकलोली काय ओस पडली? काखेत कळसा नि गावाला वळसा, असं माझ्या जाऊबाई माझ्या तोंडावर म्हणाल्या. अकलोलीची कुंडं आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर, आणि ह्यांचे गुडघे धरायला लागल्यापासून आम्ही थंडीत तिथे जातच होतो. वज्रेश्वरीला पाया पडायचं, मग कुंडावर. पुरुष चड्डीवर उतरायचे. आम्ही बायका भिंतीपलीकडे, नऊवारी असो की गाऊन, जे असेल ते अंगावर ठेवून पाण्यात. मग भिंतीवरून ह्यांची हाक यायची, "झालं का गो?" सगळ्या कुंडाला ऐकू जाईल अशी. बायका हसायच्या. मी मुद्दाम उत्तर द्यायची नाही, की आणखी मोठ्याने, "अगो, झालं का?"

ती हाक वाडीतली होती. हे जरा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमची वाडी लांबट आहे. एका टोकाला बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, आमच्याकडे प्रत्येक जुन्या वाडीला असतं; आता बरीचशी बुजवून त्यांवर इमारती उठल्या. बावखलाशेजारी पंप. तिथून पाट निघतो तो केळीतून, पानवेलीतून, अळवातून फिरत दुसऱ्या टोकाला माझ्या मोगऱ्याच्या वाफ्याशी संपतो. पाणी लावायला दोघं लागतात. हे पंपाशी उभे राहून पाट फोडायचे, बांधायचे, कधी मातीने, कधी केळीच्या सोपटाने. मी शेवटच्या वाफ्याशी. मधे एवढी दाट केळ की एकमेकांना दिसायचं नाही. हे ओरडायचे, "पाणी आलं का गो?" मी पायाशी बघायची. पाणी दिसलं की ओरडायची, "आलं!" वाफा भरला की, "बस करा!" की पंप बंद. सकाळी पोस्टात जायच्या आधी हा आमचा कार्यक्रम, लग्न झाल्यापासून. दिवसभरात आमचं दुसरं फारसं बोलणं होत नसे, आणि त्याचं आम्हांला काही वाटतही नसे.

पाणी वाया गेलेलं ह्यांना बघवायचं नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा हात धुवायचा नळ गळत असला तर हे उठून बंद करून यायचे, मग नवरदेवाला आशीर्वाद.

तर आम्ही गेलो. वसईतल्या ज्येष्ठांची सहल होती. बरोबरची बाई, म्हणजे सहलीची गाईड, तुळिंजची होती, तिशीतली, चुणचुणीत, हातात छोटा झेंडा. मराठीत सुरू करून हिंदीत संपवायची, पण एकेकाची गोळ्यांची वेळ तिला पाठ. आणि आमच्या मागच्या सीटवर पाचूबंदरचं एक कोळी जोडपं. त्यांना सगळे नाना आणि मावशी म्हणत. नानांनी आयुष्य बोटीवर काढलेलं, मावशींनी मासळीबाजारात. ह्यांचं सगळं कळल्यावर नाना मला म्हणाले, "वहिनी, भाऊंची फिकीर करू नका. मी हाय ना." मी मनापासून त्यांच्यावर विसंबले.

विमानात आणि मोठ्या शहरात हे शहाण्यासारखे वागले. गळ्यात सहलीचं ओळखपत्र, त्यावर नाव, माझा नंबर, हॉटेलचा पत्ता जपानीतही. ते मी त्यांना झोपतानासुद्धा काढू द्यायची नाही. सकाळी हॉटेलच्या न्हाणीघरात मी त्यांना आंघोळ घालायची, घरी घालते तशीच. वर्ष झालं होतं तोवर. हात वर करा, मान खाली, डोळे मिटा. त्यांना लाज वाटू नये म्हणून मी सतत कोणावर तरी रागावल्यासारखी बोलत राहते. बहुतेक जावेवर.

सहलीच्या शेवटाकडे गरम झऱ्यांच्या एका गावाला जायचं होतं. सकाळी बसने निघायचं, आंघोळ, जेवण, दिवेलागणीला परत. त्या गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. बसमध्ये गाईडने माइक हातात घेऊन नियम सांगितले. पाण्यात उतरताना अंगावर काहीही नाही. काहीही म्हणजे काहीही. आधी बसून साबणाने स्वच्छ व्हायचं, मग उतरायचं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. नंतर घालायला सुती झगा मिळेल, तो डावी बाजू वर घेऊन बांधायचा.

"उलटा नका बांधू हां, प्लीज," ती म्हणाली. "उजवी बाजू वरती फक्त डेड बॉडीची करतात."

बसमध्ये त्याचं कोणाला काही नव्हतं. सगळा गलका पहिल्या नियमावर.

"आयी गो! सगल्या बायांच्या पुढं उघडं?" मावशी म्हणाल्या. "मी नाय जानार. मी पाय बुडवीन नि येईन."

मीही तेच ठरवलं. अकलोलीला जिने कधी पदर सोडला नाही ती इथे काय सोडणार.

गाव डोंगराच्या कुशीत होतं. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग आणि गटारातून वाफ. गंधकाचा वास नाकात बसला, अगदी अकलोलीसारखा, आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ठिकठिकाणी बांबूच्या नळीतून गरम पाणी पडत होतं आणि दगडी पन्हळीतून धावत नदीला जात होतं. दुकानातून त्याच पाण्यात उकडलेली अंडी विकायला होती. सगळे फोटो काढत होते. हे पन्हळीशी वाकून उभे राहिले.

"एवढं सोडून दिलंय," ते म्हणाले. "पाण्याची पाळी कोणाची आहे?"

मी म्हटलं, "कोणाची नाही. त्यांच्याकडे भरपूर आहे."

"भरपूर कोणाकडे नसतं," ते म्हणाले. हे वाक्य अगदी पूर्वीच्या त्यांचं होतं. मला बरं वाटलं.

मग त्यांनी गाईडला विचारलं, "माकडं कुठे आहेत?"

"काका, मंकीवालं गाव दुसरं आहे. ते आपल्या टूरमध्ये नाय."

मी तिच्याकडे असं बघितलं की ती चटकन म्हणाली, "म्हणजे, इथेपण असू शकतात. आतमध्ये."

स्नानगृह जुनं, लाकडी. आत शिरल्यावर समोर दोन पडदे. एक निळा, एक लाल. निळ्यातून पुरुष, लालातून बायका. तो निळा पडदा बघितला आणि मी जागीच थांबले. इतके महिने मी ह्या दिवसाचा विचार करत होते. गोळ्या, स्वेटर, डायपर, कागदपत्रं, सगळं. पडद्यापलीकडे मला जाता येणार नाही हे मला एकदाही सुचलं नव्हतं. ज्या माणसाला मी रोज न्हाऊ घालते त्याला आंघोळीच्याच ठिकाणी एकटं सोडायचं होतं, आणि तेही ओळखपत्राशिवाय, कारण काहीही नाही म्हणजे काहीही नाही.

मी म्हटलं, राहू दे. आपण पाय बुडवू. पण ह्यांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "आत आहेत का?" आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की माझी जीभ उचलेना.

"हायत, हायत," नाना म्हणाले. "चला भाऊ, आतमंदी बसलेली हायत सगली." आणि ह्यांचा हात धरून निळ्या पडद्याआड घेऊन गेले. मी मागून ओरडून सांगितलं, साबण डोळ्यांत जाऊ देऊ नका, कान पुसा, खूप वेळ बसू देऊ नका. पडदा हलायचा थांबला.

बाहेरच्या बाकावर मी, मावशी आणि गाईड. मावशी अंडं सोलत होत्या. मी पडद्याकडे बघत होते. पुरुष जात होते, येत होते, लालबुंद होऊन. थोड्याच वेळात नाना बाहेर आले. झगा घातलेला, घामाघूम, एकटे.

"भाऊ?" मी विचारलं.

"मागशी येतायत. पानी लय गरम हाय, वहिनी, माजा जीव घाबरा झाला. मी त्यांना सांगितलं, चला. ते हो बोलले. कपडे घालतायत."

आम्ही वाट बघितली. नाना पाणी प्यायले. मावशींनी दुसरं अंडं सोललं. कोणी आलं नाही.

"नाना, जरा बघता का परत?"

नाना उठले आणि लगेच बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मावशींनी त्यांची मान मागे टेकवली आणि मला म्हणाल्या, "ह्यांना नका पाठवू आता." त्यांचं खरं होतं. मी पडद्याशी गेले आणि "अहो!" अशी हाक मारली. एक जपानी गृहस्थ घाईघाईने टॉवेल सावरत भिंतीआड झाला. गाईडने माझा दंड धरला.

"काकू, टेन्शन नका घेऊ. मी बोलते."

"तू जा ना आत."

"मी कशी जाऊ, काकू? जेन्ट्सचं आहे ते."

आमच्या सहलीतले बाकीचे पुरुष जेवणाच्या जागेकडे पुढे गेले होते. तिने गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला काहीतरी सांगितलं. तो वाकला आणि आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा पुन्हा वाकला आणि बोलला. गाईड म्हणाली, काका बाहेरच्या कुंडात आहेत, तब्येत ठीक आहे, पण हाक मारली तर ऐकत नाहीत, आणि हात लावला तर ओरडतात.

तेव्हा मला रडू आलं. राग आला की मला बोलता येतं, पण हे रागावण्यासारखं नव्हतं. पडद्याच्या त्या बाजूला माझा नवरा नागडा, परक्या लोकांत, कोणाची भाषा कळत नाही, आपण कुठे आहोत ते कळत नाही, आणि मधे होतं ते काय, तर हातभर निळं कापड. मी एक पाऊल टाकून ते बाजूला करू शकले असते. गाईड हात जोडत होती. म्हातारा हात जोडत होता. एवढे लोक हात जोडून अडवायला लागले की माणूस काय करणार?

मग मला अकलोलीची भिंत आठवली.

"बाहेरचं कुंड म्हणालीस ना?" मी विचारलं. "बायकांचं बाहेरचं कुंड कुठे आहे? शेजारी?"

"हो. मधे बांबूचं फेन्सिंग आहे."

मी लाल पडद्यातून आत गेले. कपडे काढायच्या जागी एक बाई मला साडीनिशी पुढे जाऊ देईना. गोड हसत होती आणि सरकत नव्हती. मग मी साडी काढली. सगळं काढलं. माझ्या आईनंतर माझं अंग असं कोणी बघितलेलं नव्हतं, ह्यांनीसुद्धा उजेडात नाही. तिथल्या टोपलीत मंगळसूत्र सोडून सगळं ठेवलं आणि दार सरकवून तशी बाहेर थंडीत गेले. लाज वाटायला वेळच नव्हता.

बाहेर दगडात बांधलेलं कुंड, वाफ, दोन-चार म्हाताऱ्या बायका गळ्यापर्यंत बुडालेल्या, डोक्यावर टॉवेल. बघितलं आणि क्षणभर माकडंच आठवली. पलीकडे उंच बांबूचं कुंपण. मी गारठलेल्या दगडांवरून कुंपणाशी जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "अहो! झालं का?"

पाण्याचा आवाज तेवढा.

"अहो! बाहेर या. जेवायचंय."

कोणीतरी लाकडी बादली सरकवली. धाप टाकल्याचा आवाज आला. तो श्वास मी कुठेही ओळखेन. पाटात माती ओढताना असाच श्वास असायचा.

"अहो, काय करताय तिकडे?"

तेवढ्यात माझ्या पायांना काहीतरी ऊन लागलं. खाली बघितलं तर कुंपणाखालून पाणी येत होतं. आधी बोटभर रुंद, मग वीतभर. कडेचा बर्फ विरघळत होता आणि ते गरम पाणी माझ्या दोन्ही पावलांभोवती साचत होतं. त्यांनी तिकडच्या कुंडाची पन्हळ बांधली होती. टॉवेल कोंबून, बादल्या लावून, जे हाताशी मिळालं त्याने. नदीला वाया जाणारं पाणी त्यांनी वळवलं होतं.

आणि कुंपणापलीकडून आवाज आला, मोठा, खणखणीत, मी गेली दोन वर्षं वाडीबाहेर कुठे न ऐकलेला.

"पाणी आलं का गो?"

मी दोन्ही हात कुंपणाला धरले. ह्या हाकेला उत्तर उशिरा देऊन चालत नाही, वाफा फुटतो.

"आलं!" मी ओरडले.

"पोचलं शेवटपर्यंत?"

"पोचलं! भरला वाफा! बस करा आता, बंद करा, घरी या!"

"येतो," ते म्हणाले. मग टॉवेल ओढून काढल्याचा आवाज, पाणी पुन्हा पन्हळीत धावल्याचा आवाज. माझ्या पायांशी आलेलं पाणी हळूहळू निवत गेलं. कुंडातल्या एका म्हातारीने मला हाताने खूण केली, ये, बस. मी तशीच उतरले पाण्यात. थंडीने दात वाजत होते. क्षणभरच बसले, पण इतकी खूश मी कित्येक दिवसांत नव्हते. मला वाटलं, जिंकले. डॉक्टरांना काय कळतंय, असंही वाटून गेलं.

मग घाईत साडी नेसायला वेळ नको म्हणून तिथला सुती झगा गुंडाळला, डावी बाजू वर, आणि ओल्या केसांनी बाहेर आले. हे बाकावर बसले होते. शेजारी तो गल्ल्यावरचा म्हातारा, भिजलेला, हातात कंगवा. ह्यांचा भांग पाडलेला होता, कान पुसलेले, झग्याची डावी बाजू नीट वर. हे सगळं त्याने केलं होतं, माझं काम. हातात दुधाची काचेची बाटली होती आणि हे लहान मुलासारखे घोट घोट पीत होते.

मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "काय हो, सापडली का माकडं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग अदबीने, पोस्टाच्या खिडकीतून सांगायचे तसं, लाल पडद्याकडे हात केला.

"बाई, बायकांचं तिकडे आहे."

मी हसले. पूर्वी फार थट्टा करायचे ते. "पुरे," मी म्हटलं, "उठा आता."

ते उठले नाहीत. थोडे सरकले, परक्या बाईला जागा करून देतात तसे.

"बसा. आमची ही आत आहे," ते म्हणाले. "येईल. तिला वेळ लागतो."

मी बसले. काय करणार होते? शेजारी बसून दोघांनी मिळून माझी वाट बघितली. गाईड मान खाली घालून फोनमध्ये बघत होती. नाना माझ्याकडे बघायचं टाळत होते. मावशींनीच शेवटी मला उठवलं, आत नेलं आणि साडी नेसवली, निऱ्यासुद्धा त्यांनीच काढल्या. मी बाहेर आले, तर हे म्हणाले, "आलीस? किती तो वेळ! भूक लागली."

मी सगळं खापर त्या झग्यावर फोडलं. ओले केस, परका कपडा, वाफ. कोणालाही चुकल्यासारखं होईल. बसमध्ये ते माझ्या खांद्यावर झोपले. मी गाईडला चार वेळा सांगितलं की तो झगाच तसा होता. ती चारही वेळा "हो ना, काकू" म्हणाली. घरी आल्यावर मी गाऊन घालणं बंद केलं, घरातसुद्धा साडीच. रंगसुद्धा तेच तेच ठेवले. जाऊबाईंना वाटलं मला देवधर्माचं काहीतरी लागलंय.

साडीने दिवाळीपर्यंत निभावलं.

माकडांचं मात्र आता विचारत नाहीत. मुलाला त्याचं समाधान वाटतं. "बघ, बाबांना जाऊन आल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. मी त्याला काही सांगितलं नाही. त्याचं बरोबर असेल.

वाडीला पाणी अजून आम्ही दोघंच लावतो. पंप गडी चालू करून देतो आणि हे पाटाशी उभे राहतात. मी शेवटच्या वाफ्याशी. मधे केळ. "पाणी आलं का गो?" अशी हाक येते, मी "आलं" म्हणते. त्या हाकेत अजून कुठे काही कमी झालेलं नाही. वाफा भरला तरी मी कधीकधी "बस करा" म्हणायला उशीर करते, मोगऱ्याची मुळं कुजतील हे माहीत असून. कारण पंप बंद झाला की मला केळीतून घरी जावं लागतं, आणि जवळ गेलं की ते माझ्याकडे बघून थोडे सरकतात.

काल सकाळी न्हाणीघरात त्यांना पाटावर बसवलं. पाणी अंगावर घेताना ते घाई करत होते. "लवकर आटपा, बाई," म्हणाले. "आमची ही तिकडे शेवटच्या वाफ्याशी उभी असेल, पाण्याची वाट बघत."

"असेल," मी म्हटलं आणि तांब्या भरला.

त्यांनी मान खाली घातली, डोळे मिटले. मग हळूच, कोणी ऐकू नये असं, म्हणाले, "आणि तुम्ही मला न्हाऊ घालता ते तिला सांगू नका हं. फार रागीट आहे, पण तिला वाईट वाटेल."

"नाही सांगत," मी म्हटलं.